बेचाळीस नंबरच्या बिंदूवरची नाचणी

एप्रिलमधल्या एका सकाळी मी आणि माझी सहकारी प्राची धापा टाकत डोंगराच्या सोंडेवर चढून आलो, तेव्हा बेचाळीस नंबरच्या बिंदूवर आमच्या आधीच गर्दी जमली होती.

तिथे एक केशरी तंबू होता. तंबूसमोर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि ‘सनसेट पॉइंट’ अशी हाताने रंगवलेली पाटी. तंबूला खेटून काळ्या पिशव्यांमधली जांभळाची बारा रोपं ओळीत मांडलेली. आणि रोपांच्या पलीकडे, सतरंजी पसरावी एवढ्याशा जागेत, नाचणीचं उभं पीक. पिकलेलं. कणसं भरलेली.

मावळात नाचणी पावसाळ्यात लावतात आणि दिवाळीच्या आसपास कापतात. एप्रिलमध्ये या उतारावर वाळलेल्या गवताशिवाय काही उभं नसतं. प्राची खाली वाकली आणि तिने एक ताट अलगद ओढलं. ते हातात आलं.

“मॅम, याला मूळ नाहीये,” ती म्हणाली. “खोचलंय.”

बाजूला डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याच वयाची एक बाई उभी होती. तिने ते ताट प्राचीच्या हातातून घेतलं, पुन्हा मातीत खोचलं आणि पायाने माती दाबली.

“औंदा जरा लवकर आलं,” ती म्हणाली.

तुम्ही दोघांनी मागे एकदा व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, आजी, तू ऑफिसात नक्की काय करायचीस? तेव्हा मी ‘नकाशे’ एवढंच सांगितलं आणि तुमचं समाधान झालं नाही. म्हणून हा प्रसंग लिहिते आहे. तो निवृत्तीनंतरचा आहे. पुण्यातली एक फर्म मला अजूनही अधूनमधून कामाला बोलावते, त्यातला.

मी जमिनीच्या वापराचे नकाशे करते. कुठे जंगल, कुठे शेती, कुठे घरं, कुठे पाणी. पूर्वी हे आम्ही विमानातून काढलेल्या फोटोंवर भिंग धरून करायचो. आता उपग्रहाचा फोटो येतो, त्याला इमेज म्हणतात. कॉम्प्युटर त्या इमेजमधल्या रंगांवरून प्रत्येक तुकड्याला एक नाव देतो. त्या नावाला क्लास म्हणतात. या कामात आमच्याकडे नऊ क्लास होते आणि दहावा नव्हता.

कॉम्प्युटर चुकतो. म्हणून तो बरोबर आहे की नाही हे तपासायला काही बिंदू निवडतात. ते आम्ही निवडत नाही, कॉम्प्युटरच चिठ्ठ्या टाकल्यासारखे कुठेही निवडतो. मग कोणीतरी जीपीएस घेऊन नेमक्या त्या जागी जायचं, पायाखाली काय आहे ते बघायचं आणि फॉर्ममध्ये लिहायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. माझ्या नोकरीत बिंदू एकदा चालू लग्नाच्या मांडवात पडला आहे आणि एकदा म्हशीवर.

हे काम होतं डोंगरावरच्या एका अभयारण्याच्या भोवतालच्या पट्ट्याचं. वर दाट जंगल, त्यात शेकरू, भेकर, कधीमधी बिबट्या. खाली पवना धरणाचं पाणी. मधल्या उतारांवर वाड्या, गवत, कातळ आणि आता तंबूवाल्यांचे कॅम्प. आमच्या नकाशावरून ठरणार होतं की या पट्ट्यात कुठे काय करता येईल. ‘शेती’ लिहिलं तर शेती चालू राहणार. ‘पर्यटन’ लिहिलं तर तंबू आणि त्यांच्यापर्यंत रस्ता. ‘वन’ लिहिलं तर ते वनच राहणार. आणि ‘पडीक’ लिहिलं तर पावसाळ्याआधी तारेचं कुंपण घालून तिथे प्राण्यांसाठी गवत आणि झाडं वाढवणार.

बेचाळीस नंबरचा बिंदू ज्या उतारावर होता, त्या सगळ्या उताराला कॉम्प्युटरने ‘पडीक’ म्हटलं होतं. तिथे तपासणीचा तेवढा एकच बिंदू होता. आम्हीही ‘पडीक’ लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता.

आता गर्दी कशी जमली ते सांगते, कारण तो दोष माझा. मला काम नीट करायची सवय आहे. वाडीत अचानक जाऊन लोकांच्या जमिनीत फिरणं मला पटत नाही. म्हणून मी ग्रामपंचायतीला रीतसर पत्र पाठवलं. त्यात आमच्या भेटीचा दिवस लिहिला, वेळ लिहिली, बिंदूचे अक्षांश-रेखांश दशांश चिन्हानंतर सहा आकड्यांपर्यंत लिहिले, आणि शेवटी स्वच्छ मराठीत लिहिलं: ‘सदर बिंदूवर त्या वेळी जे आढळेल त्याचीच नोंद घेतली जाईल.’

पत्र नोटीस बोर्डावर लागलं. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये नकाशा असतो.

तंबू दत्ताचा होता. दत्ता पवनानगरच्या पुढे धरणाच्या काठावर कॅम्प चालवतो. पस्तिशीचा, गॉगल लावलेला, हसतमुख माणूस.

“मॅडम, नमस्कार. एक्झॅक्ट लोकेशनवर लावलाय,” तो म्हणाला. “सकाळी सहाला आलो. फोन हातात धरून. एक फूट हिकडं न्हाई का तिकडं न्हाई.”

“इथे कोणी राहायला येतं का?”

“येतील ना. तुमी पर्यटन लिवलं की येतील.”

जांभळाची रोपं देशमाने यांच्या गटाची. देशमाने पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले, अंगात खाकी जाकीट, गळ्यात दुर्बीण. त्यांच्याबरोबर त्यांच्या सोसायटीतले सहाजण होते. रोपं त्यांनी टेम्पोने पायथ्यापर्यंत आणि तिथून खांद्यावर वर आणली होती.

“आम्ही हा डोंगर तीन वर्षांपूर्वी दत्तक घेतलाय,” देशमाने मला म्हणाले. “शेकरू खाली उतरायला हवं असेल तर सलग झाडं पाहिजेत. तुम्ही ‘वन’ असंच लिहा.”

“दत्तक कसा घेतला?” पदरवाली बाई म्हणाली. “त्याचं आयबाप जित्तं हायती अजून.”

त्या हौसाबाई. दत्ता त्यांना मावशी म्हणत होता, सगळी वाडी मावशी म्हणते. खालच्या विहाराशेजारी त्यांचं घर. ज्या जमिनीवर आम्ही सगळे उभे होतो, ती त्यांची आणि त्यांच्या भावकीतल्या सहा घरांची.

“ही नाचणी तुम्ही लावली?” मी विचारलं.

“लावली.”

“कधी?”

“सकाळी.” त्यांनी दत्ताकडे हनुवटी केली. “ह्यो सहाला आला म्हनतोय ना, तवा मी हितं बसून त्याचा तंबू बगत हुते.”

खालच्या पट्ट्यातली मागच्या हंगामाची नाचणी त्यांनी कणसांसकट राखून ठेवली होती. बियाण्यासाठी. ती ताटं त्यांनी वर आणून ओळीत खोचली होती, आणि अंतरही बरोबर राखलं होतं, हातभर.

मी सगळ्यांना सांगितलं की आम्ही जीपीएस लावू, यंत्र स्थिर होऊ देऊ, आणि ते जिथे दाखवेल तिथलंच लिहू. सगळ्यांनी मान डोलावली. प्रत्येकाला खात्री होती की यंत्र त्याच्याच बाजूचं आहे.

आता जीपीएसबद्दल थोडं. तुमच्या फोनवरचा निळा ठिपका कधी घरात असताना शेजारच्या इमारतीत दिसतो की नाही? तसंच. उपग्रहांकडून येणाऱ्या लहरींवरून यंत्र आपली जागा ठरवतं. उघड्या माळावर ते पाच-सात पावलं चुकतं. पण शेजारी उभा कडा असेल, तर लहरी कड्यावर आपटून येतात आणि यंत्राचा गोंधळ होतो. बेचाळीस नंबरच्या मागे असाच उभा कडा होता आणि एका बाजूला खोल दरी.

प्राचीने यंत्र तिवईवर लावलं आणि टॅबकडे बघत राहिली. प्राची सुदुंबऱ्याची आहे. वडील कंपनीत कामाला, घरी थोडी शेती. ती कधी घाई करत नाही आणि कधी विनोदही करत नाही. या कामाला अशीच माणसं लागतात.

“पॉइंट इथे नाहीये,” ती म्हणाली. “नऊ मीटर तिकडे.” आणि तिने करवंदीच्या जाळीकडे बोट केलं.

मग दत्ताने आणि त्याच्या मित्राने तंबूची दोन टोकं धरली. तो तंबू छत्रीसारखा उघडणारा होता, खुंट्या नव्हत्याच. देशमान्यांच्या लोकांनी दोन-दोन रोपं उचलली. हौसाबाईंनी मात्र घाई केली नाही. त्यांनी कमरेचा विळा काढला, त्याने माती मोकळी केली, नाचणी मुठीमुठीने उपटली, पेंढी बांधली, डोक्यावर घेतली, करवंदीजवळ नेली आणि परत खोचायला बसल्या.

त्यांच्या अर्ध्या ओळी झाल्या होत्या.

“आता सहा मीटर खाली,” प्राची म्हणाली.

तंबू उठला. रोपं उठली. देशमान्यांच्या गटातल्या एका बाई म्हणाल्या, “अहो, यांना एकदाच काय ते ठरवायला सांगा ना, माझे गुडघे.” दत्ताचा मित्र उतारावर उलटा चालताना बसला, आणि तंबू त्याच्या अंगावरून पुढे गेला.

“दत्ता, गिऱ्हाईक आत घेतलंस का रं?” हौसाबाई म्हणाल्या.

“मावशी, तुमी पेरनी बगा तुमची.”

“पेरनी झाली. कापनी चाललीया.”

यंत्र पुढचा पाऊण तास तसंच फिरत राहिलं. खाली, मग पुन्हा वर, मग थेट दरीच्या कडेपलीकडे, तेव्हा मी सगळ्यांना थांबवलं आणि त्या जागेवर कोणीही जायचं नाही असं सांगितलं. दत्ताने विचारलं, “तितं जे असंल ते लिवणार का?” मी म्हटलं, तिथे हवा आहे. तेवढ्या वेळात हौसाबाईंनी त्या उतारावर नाचणीचे चार हंगाम काढले. चौथ्या वेळी कणसं गळायला लागली, तेव्हा त्या थांबल्या. ते बियाणं होतं. गळलेले दाणे त्यांनी एकेक करून वेचले आणि पदराच्या गाठीत बांधले.

शेवटी यंत्र स्थिरावलं. नियम असा की आकडे काही मिनिटं हलले नाहीत की ती जागा पक्की. प्राचीने फीत धरली, पावलं मोजली आणि थांबली.

तिच्यासमोर देशमाने बसले होते. दत्ताच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, छत्री उघडून. वरखाली करून त्यांना दम लागला होता.

“मॅम,” प्राची म्हणाली, “पॉइंट देशमाने सरांवर आहे. क्लास काय टाकू?”

“त्यांना उठायला सांग.”

“मी उठलो तर काय लिहिणार?” देशमान्यांनी विचारलं.

“तुमच्याखाली जे आहे ते.”

“काय आहे?”

“खुर्ची उचलली की गवत. वाळलेलं. फॉर्ममध्ये त्याला ‘पडीक’ म्हणतात.”

“मग मी बसतो,” देशमाने म्हणाले.

प्राचीने टॅबमधली यादी वर-खाली केली. “माणसं असली तर ‘वस्ती’ आहे,” ती गंभीरपणे म्हणाली. “पण त्याला पक्कं छप्पर लागतं. छत्री चालेल का, मॅम?”

मी तिला टॅब बंद करायला सांगितलं.

“बसू दे त्यास्नी,” हौसाबाई म्हणाल्या. “ऊन चढलं का उटतील.” मग त्या माझ्याकडे वळल्या. आता त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. “बाई, एक इचारू? तुमी येवड्या लांबनं आलाय, हितं आज काय हाय ते बगाया. आज काय असनार? उन्हाळा हाय. तुमी औंदा कुनाची पाळी हाय ते का न्हाई इचारत?”

“कसली पाळी?”

त्यांनी मला हाताला धरून उतारावर नेलं. तिथे मला दिसलं, जे मी तासभर त्याच जमिनीवर नाचूनही पाहिलं नव्हतं. गवतात दगडांच्या ओळी होत्या. आडव्या, गुडघ्याएवढ्याही उंच नसलेल्या, पण सरळ. वरपासून खालपर्यंत सात पट्टे.

या जमिनीला वरकस म्हणतात. डोंगरउताराची, पातळ मातीची. भात इथे होत नाही, पाणी ठरतच नाही. एका पट्ट्यात पहिल्या वर्षी नाचणी घ्यायची, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी काराळं, म्हणजे ते तेलाचं काळं बी. मग माती थकते. मग तो पट्टा चार वर्षं सोडून द्यायचा. गवत वाढतं, गुरं चरतात, माती पुन्हा धरते. तोवर पुढच्या पट्ट्यांची पाळी. असं करत सात वर्षांनी फेरा पुरा.

“आमी त्याला जमीन निजवली म्हनतो,” हौसाबाई म्हणाल्या. “ही चार वर्सं निजल्याली हाय. मिरगाला उटवायची. पाळी माझी हाय.”

“आणि नाही उठवली तर?”

“तर काय. आमची भाताची खाचरं धरणाच्या पान्याखाली हायती. ती उटत न्हाईत. वर येवडंच हाय.” त्यांनी पदराची गाठ चाचपली. “तुमी पडीक लिवलं म्हंजे मिरगाच्या आदी तार येनार. निजल्याल्या मानसाला मेलाय म्हनून उचलून न्यावं, तसं हाय बगा.”

मी जवळजवळ सगळी उमेदीची वर्षं जमिनीचे नकाशे केले. वरकस हा शब्द मी सातबाऱ्यावर हजार वेळा वाचला होता. तो शब्द वर्षावर्षाने जागा बदलतो, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

देशमाने खरोखरच ऊन चढल्यावर उठले. त्यांच्यासमोर आता बारा रोपं परत खाली नेण्याचा प्रश्न होता आणि त्यांच्या माणसांनी त्यावर एकमुखाने नकार दिला होता. हौसाबाई म्हणाल्या, विहाराच्या मागं पान्याचा नळ हाय, तितं लावा. देशमाने म्हणाले, तिथे शेकरू येणार नाही. “पोरं येतील की जांभळं खायाला,” हौसाबाई म्हणाल्या. त्यावर देशमान्यांच्या गटातल्या त्या गुडघेवाल्या बाईंनी विषय संपवला आणि पिशव्या उचलल्या. दत्ताने तंबू घडी केला. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “मॅडम, खरं सांगू का, मावशीची पाळी हाय हे मला ठाऊक हुतं. पन पत्रात तुमीच लिवलं, आढळंल ते.”

दुपारी पवनानगरला रेंज आली आणि मी मोघे सरांना फोन केला. ते फर्मचे संचालक. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, हुशार, आणि रिपोर्ट चार दिवसांत क्लायंटला, म्हणजे हे काम देणाऱ्या सरकारी ऑफिसला, द्यायचा असल्यामुळे हैराण.

“बेचाळीस झाला?” त्यांनी विचारलं.

“झाला. पडीक नाही. शेती आहे.”

“कोणतं पीक उभं आहे?”

“आज कोणतंच नाही. सकाळी होतं, पण ते खोचलेलं होतं.”

मी त्यांना पट्ट्यांचं सगळं समजावलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “जमीन एका जागी असते. तिचा वापर फिरतो कसा?”

“दर वर्षी एक पट्टा.”

“असा क्लास ड्रॉपडाउनमध्ये आहे का?”

“नाही.”

“मग असं नसतं.”

ड्रॉपडाउन म्हणजे टॅबवर खाली उघडणारी यादी. ती लोणावळ्याला वलवणकडच्या एका रिसॉर्टच्या हॉलमध्ये दोन दिवसांची बैठक घेऊन ठरवली होती. मी त्या बैठकीला होते. जेवण चांगलं होतं. वरकसबद्दल कोणी बोललं नाही, मीही नाही.

“पुरावा द्या,” मोघे सर म्हणाले. “क्लायंटसमोर मी एका मावशींचं म्हणणं ठेवू शकत नाही.”

पुरावा कुठे असेल याचा विचार मी परतीच्या रस्त्यावर केला आणि कामशेत येईपर्यंत मला स्वतःचीच लाज वाटायला लागली. आम्ही या कामाला एप्रिलची इमेज वापरली होती. का? तर एप्रिलमध्ये आकाशात ढग नसतात आणि फोटो स्वच्छ येतो. फोटो स्वच्छ होता यात शंका नाही. फक्त, एप्रिलमध्ये मावळातली नांदती शेती आणि सोडून दिलेली जमीन दोन्ही सारख्याच पिवळ्या दिसतात. झोपलेल्या माणसाचा फोटो काढून आम्ही त्यावरून त्याचा धंदा ओळखत होतो.

जुन्या इमेज साठवलेल्या असतात. उद्यावर न टाकता मी त्याच संध्याकाळी ऑफिस बंद व्हायच्या आत प्राचीला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या इमेज काढायला लावल्या, सात वर्षांच्या. नोव्हेंबरअखेर पीक कापलेलं असतं. कापलेला पट्टा मातकट दिसतो आणि बाकीचं गवत पिवळं उभं असतं.

प्राचीने त्या एकापाठोपाठ एक लावल्या. डोंगराच्या उतारावर तीन मातकट रेघा होत्या. पुढच्या वर्षी वरची एक पुसली गेली आणि खाली एक नवी आली. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. सात वर्षं, एकदाही न चुकता. खालच्या टोकाला पोचल्यावर रेघ पुन्हा वर गेली.

प्राचीने ते तीनदा चालवून पाहिलं. मग म्हणाली, “मॅम, आपल्या सगळ्या नकाशात एवढी सरळ गोष्ट एकच आहे.”

दुसऱ्या दिवशी मी ते मोघे सरांच्या मोठ्या स्क्रीनवर लावलं. ते खुर्ची ओढून जवळ बसले.

“हे कोण सरकवतंय?” त्यांनी विचारलं.

“हौसाबाई. आणि त्यांच्या भावकीतली सहा घरं.”

“त्यांच्याकडे याचा प्लॅन आहे?”

“आहे.”

“कुठे?”

“लिहिलेला नाही.”

“मग चुकत कसे नाहीत?”

“पाळी चुकली तर घरात भांडण होतं.”

मोघे सरांनी मान डोलावली. हे त्यांना पटलं. त्यांच्या घरीही पाण्याच्या टँकरची पाळी आहे. त्यांनी बेचाळीस नंबरचा सगळा उतार ‘शेती’ करायला सांगितलं.

पण आमचं सॉफ्टवेअर ‘शेती’ निवडल्यावर पिकाचं नाव मागतं. नाव भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. तीन पट्ट्यांमध्ये नाचणी, वरई, काराळं लिहिता आलं. निजलेल्या चार पट्ट्यांमध्ये काय लिहायचं? ‘काही नाही’ लिहिलं की सॉफ्टवेअर आपणहून पुन्हा ‘पडीक’ करायचं. ‘गवत’ लिहिलं की ते कुरण व्हायचं आणि कुरणाला कुंपण होतंच. प्राचीने सगळे प्रकार करून पाहिले. डेडलाइनच्या दिवशी दुपारी मोघे सर तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “त्या मावशी काय म्हणाल्या होत्या? झोपवली? लिही, विश्रांती.”

प्राचीने पिकाच्या रकान्यात ‘विश्रांती’ लिहिलं. पुढचं पान उघडलं.

रिपोर्ट गेला. तो मान्य झाला. बेचाळीस नंबरच्या उतारावर तार आली नाही. रिपोर्टच्या शेवटी पिकांची यादी असते, अकारविल्हे, ती सॉफ्टवेअर स्वतः तयार करतं. त्या यादीत वरईच्या खाली विश्रांती होतं. कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

जुलैमध्ये मोघे सरांकडे क्लायंटच्या ऑफिसातून एक पत्र आलं आणि त्यांनी ते तसंच माझ्याकडे पाठवलं. पत्रात म्हटलं होतं की आपल्या अहवालानुसार अभयारण्यालगतच्या डोंगरउतारांवर ‘विश्रांती’ या पिकाखाली नाचणीपेक्षा जास्त क्षेत्र आहे. तरी सदर पिकाचं स्थानिक वाण, लागवडीचा काळ आणि सरासरी उत्पादन कळवावं. इतर तालुक्यांत या पिकाच्या प्रसाराचा विचार चालू आहे.

मी ते विनोद म्हणून सोडून देऊ शकले असते. पण मी उत्तर न दिलेलं पत्र टेबलावर ठेवू शकत नाही, हे तुमच्या आईला विचारा. म्हणून मी वाडीवर गेले.

पाऊस थांबून थांबून पडत होता. बिंदूच्या जागेवर हौसाबाई आणि त्यांच्या भावकीतल्या चार बाया डोक्यावर इरली घेऊन वाकल्या होत्या. इरलं म्हणजे पाठीवर घ्यायचं पानांचं किंवा प्लॅस्टिकचं छप्पर. त्यांची प्लॅस्टिकची होती, निळी. नाचणीची रोपं लावत होत्या. या वेळी मुळांसकट.

मी बांधावर उभी राहून त्यांना पत्र वाचून दाखवलं. बाकीच्या बाया हसायला लागल्या. हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाठ सरळ केली आणि प्रश्न पुन्हा एकदा वाचायला लावला.

“वाण न्हाई म्हनावं त्याला,” त्या म्हणाल्या. “सगळ्या मातीत येतं.”

मी ते लिहून घेतलं.

“लागवड?”

“काराळं काडलं की लगेच. बी लागत न्हाई, मानूस लागत न्हाई. फकस्त हात आवरावा लागतो.”

“आणि उत्पादन किती?”

त्यांनी हातातल्या जुडीतली चार रोपं चिखलात दाबली. “चार वर्सं काय न्हाई. पाचव्या वर्सी ही नाचनी.”

मी घरी येऊन तसंच लिहिलं, प्रमाण भाषेत, त्यांनी विचारलेल्या क्रमाने, आणि फर्मच्या शिक्क्याने पाठवलं. त्यावर परत पत्र आलं नाही. ऑफिसकडून उलट पत्र आलं नाही तर उत्तर मान्य झालं असं धरावं आणि कामाला लागावं, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकले होते. हौसाबाई तर त्यांचं शेवटचं उत्तर मी लिहून घ्यायच्या आतच पुढच्या ओळीला लागल्या होत्या.